पणची बरणी

झानडाममध्ये हवेलाच कोकोचा वास असतो,
वारा फिरला की वाळत घातलेल्या चादरींनाही.
नदीकाठी फेनस्त्रांचं ऑफिस, दुसरा मजला.
जिन्याच्या तोंडाशी जुन्या बोटीवरची पितळी घंटा,
सौदा फायद्यात सुटला की वाजवायची.
तोट्यासाठी काही टांगलेलं नव्हतं.

बरणी राइनाउटने आणली, नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी.
आधी तिच्यात व्हिनेगरमधल्या काकड्या होत्या,
झाकणाला वास अजून होता.
म्हणाला, मीटिंगमध्ये जो ‘पण’ म्हणेल
त्याने पन्नास सेंट टाकायचे. शुक्रवारी त्याचीच बिअर.
सगळे हसले. हिशेबातली हिल्केसुद्धा हसली.

तिकडच्या भाषेत ‘पण’ला ‘मार’ म्हणतात.

पहिल्या आठवड्यात हिल्केने साडेतीन युरो भरले.
“युरेचा सौदा चांगला, पण तारण कुठंय?”
पन्नास सेंट.
“गोदामाचा विमा संपलाय.”
यात पण नव्हता, आवाजात होता.
पन्नास सेंट.

युरे सव्वीसचा. जो कोको हातात नाही तो विकायचा,
भाव पडला की स्वस्तात घेऊन पोचवायचा.
दोनदा पडला.
दुसऱ्या खेपेला घंटा राइनाउटने स्वतः वाजवली,
दोरी तुटेपर्यंत,
आणि नवी दोरी युरेच्या पगारवाढीआधी आली,
तीही फक्त एक दिवस.

मग माणसं बोलायला शिकली.
‘पण’ बसायचा तिथे ‘आणि’ येऊन बसला.
अबिजानकडे पाऊस बिघडलाय आणि आपण विकत राहू.
भाव चढतोय आणि तो उतरेल.
बँकेचा दोनदा फोन आला आणि त्या फार गोड बोलल्या.
वाक्यं लांब झाली, सोपी, गुळगुळीत,
बागेतल्या घसरगुंडीसारखी, जिच्या खाली
वाळू कुणी टाकली का, हे विचारायचं नसतं.

हिल्केही शिकली.
युरेचा तोटा ती ‘तात्पुरतं’ नावाच्या खात्यात लिहायची,
महिनाअखेरीस पुढच्या महिन्यात सरकवायची.
तिला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगावं लागलं नाही, हेच तर
(असं ती नवऱ्याला म्हणाली एकदा, भांडी पुसताना,
आणि वाक्य तसंच ओट्यावर ठेवून झोपायला गेली).

आपल्याकडे पण वाक्याला जोडतात
आणि डावालाही लावतात.
तिथे पहिला जिभेवरून पुसला गेला.
दुसरा टेबलावर होता, रोज थोडा मोठा.

फेब्रुवारीत भाव दुधासारखा वर आला.
कुणी गॅसकडे पाहत नव्हतं असं नाही.
सगळेच पाहत होते.
युरे तीन रात्री ऑफिसातच झोपला, कोट पांघरून.
चौथ्या सकाळी म्हणाला, “माझ्या हातून...”
राइनाउट म्हणाला, “आणि?”
युरे खिडकीबाहेर बघत राहिला.
खाली कोकोची पोती उतरत होती,
दुसऱ्या कुणाची.

एप्रिलमध्ये हार्लेमहून तेर्पस्ट्राबाई आल्या,
दिवाळखोरीच्या वकील, पायात रबरी बूट, हातात यादी.
खुर्च्या एकेचाळीस.
घंटा एक, दोरीसह.
कॉफीचं यंत्र भाड्याचं, ते धरायचं नाही.
बरणीचं झाकण उघडेना. टेबलाच्या कडेवर आपटलं.
आत पाच नाणी, बुडाला चिकटलेली.
“अडीच युरो,” बाईंनी लिहून घेतलं. “कुणाचे?”
“माझे,” हिल्के म्हणाली. “मागच्या वर्षीचे.”
“त्यानंतर कुणी टाकले नाहीत?”
“नाही.”

बाईंनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.
“बावीस लोक होता तुम्ही या मजल्यावर.
कुणालाच माहीत नव्हतं?”

“माहीत होतं,” हिल्के म्हणाली,
“पण...”

आणि तिचा हात स्वेटरच्या खिशात गेला,
नाणं शोधत.